तलावाकाठचा अर्धा तास: वसंतातील एका पक्षीफेरीचा अभ्यास

वसंतातल्या पक्षीफेऱ्यांना वर्षातली सर्वांत जास्त गर्दी होते. झाडांवर पाने कमी, नर पक्षी उघड्यावर बसून गाणारे, परतीच्या वाटेवरचे स्थलांतरित विणीच्या रंगात आलेले. नवख्या माणसाला पक्षी दाखवायला याहून चांगला काळ नाही. नेमक्या याच काळात बरेच पक्षी अंड्यांवर असतात. फेरीचे नियोजन करणाऱ्याच्या डोक्यात पहिली गोष्ट असते आणि दुसरी निसटते. पुढील प्रकरण त्या निसटण्याचे आहे. क्लबचे आणि तलावाचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण तिथे पक्षी आजही वीण करतात.

फेरीची आखणी

क्लबचा वसंताचा कार्यक्रम सहा आठवड्यांचा होता. दर रविवारी सकाळी पक्षीफेरी आणि तीतच मुलांसाठी निसर्गओळख. ज्या फेरीबद्दल हे टिपण आहे तिला ३२ जण आले, त्यांत ९ मुले. वाट दाखवणारे अनुभवी सभासद दोन. वाट अडीच किलोमीटरची: आधी झाडी, मग गवताळ उतार, शेवटी तलावाचा बांध आणि काठ. सूर्योदयाच्या सुमारास निघून साडेनऊला परतायचे.

क्रम सरधोपट वाटला तरी त्यामागे विचार होता. पक्ष्यांचे गाणे पहाटे, सूर्योदयाच्या थोडे आधीपासून पुढच्या तासाभरात सर्वांत जोरात असते. म्हणून झाडी आधी. पाणपक्षी दिवसभर दिसतात, म्हणून तलाव शेवटी. नवख्यांसाठी शेवट रंगतदार हवा हाही हिशोब होता, कारण पिवळे धोबी या दिवसांत पिसे बदलून लखलखीत पिवळे झालेले असतात आणि तुतवारांसारखे चिखलपक्षी जाण्याआधी काठावर भरभर चरत असतात.

रेकी, म्हणजे वाटेची आधी जाऊन केलेली पाहणी, झाली होती, पण फेरीच्या दोन आठवडे आधी. तेव्हा पाणी बांधाच्या पायथ्याजवळ होते. मधल्या काळात ते ओसरले आणि बांध व पाणी यांच्यामध्ये ४०-५० मीटर रुंद, खडीवाळूचा उघडा पट्टा तयार झाला. माणसाला तो चालायला सोयीचा रिकामा काठ दिसतो. कंठेरी चिखल्या आणि टिटवी यांना ती घरटे करायची जागा दिसते. दोन्ही पक्षी अशा उघड्या जमिनीवर नुसता उथळ खळगा करून अंडी घालतात. फार तर चार खडे, शिंपल्याचे तुकडे आजूबाजूला सारलेले.

काय घडले

८ वाजून ४० मिनिटांनी गट बांधावर पोचला. धोबी पाण्याच्या कडेला होते, बांधावरून साध्या दुर्बिणीत लहान दिसत होते. गट बांध उतरून पट्ट्यावर गेला.

उतरताच टिटवीची जोडी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली. वाटाड्याने टिटवीची ओळख करून दिली, ती माणूस दिसला की ओरडते असे सांगितले आणि गट पुढे सरकला. सांगितलेले खोटे नव्हते. टिटवी एरवीही ओरडते. पण उठून लांब जाताना ओरडणे वेगळे आणि जोडीने परत परत डोक्यावर झेपावणे वेगळे. दुसरा प्रकार वसंतात दिसला की जवळ अंडी किंवा पिल्ले आहेत असेच धरून चालावे.

मग कंठेरी चिखल्या दिसला. मूठभर पक्षी, डोळ्याभोवती पिवळे कडे, गळ्यात काळा पट्टा. तो थोडा धावला, थांबला, पुन्हा धावला आणि खडीवर अंग फुलवून बसला. गटातल्या कुणीतरी तो अंड्यांवर बसल्याचे सांगितले. सगळे थांबले, तिथेच तिपाई रोवून स्कोप (लांबचे पाहायची एकनळी दुर्बीण) लागला. पक्षी उठला, दहा पावलांवर जाऊन पुन्हा तसाच बसला. नंतर त्याने शेपटी पसरली, एक पंख जमिनीवर लोळवला आणि चिरकत फरफटत जाऊ लागला. चौघे कॅमेरे घेऊन त्याच्या मागे पंधराएक मीटर गेले.

या थांब्याला २२ मिनिटे लागली. शेवटी एका मुलाला स्कोपच्या तिपाईपासून दोन मीटरवर, कुणाच्या तरी बुटाजवळ चार अंडी दिसली. वाळूच्या रंगाची, बारीक गडद ठिपक्यांची, निमुळती टोके आत वळवून मांडलेली. साधारण ३० × २२ मि.मी. चे अंडे खडीत दोन पावलांवरूनही दिसत नाही, त्या मुलाची नजर खरोखर तयार होती. त्यानंतर फोनवर फोटो काढायला सगळे आळीपाळीने वाकले. त्यात आणखी सात-आठ मिनिटे गेली. म्हणजे अंडी जवळजवळ अर्धा तास उघडी राहिली, आणि तेही ऊन चढू लागल्यावर.

कुणी अंड्यांना हात लावला नाही. कुणी आरडाओरडा केला नाही. मुले तर अगदी शहाण्यासारखी वागली. त्यामुळे त्या दिवशी फेरी उत्तम झाली असेच सर्वांना वाटले.

संध्याकाळी एका सभासदाने बांधावरून स्कोप लावून पाहिले तेव्हा पक्षी अंड्यांवर होता. चौथ्या दिवशी खळगा रिकामा होता.

रिकामा खळगा काय सांगतो

चिखल्याची अंडी फुटून पिल्ले निघाली असती तर खळग्याच्या तळाशी खडीत मिसळलेले कवचाचे अगदी बारीक, एक ते चार मि.मी. चे कण सापडतात. पिल्लू आतून चोच मारताना ते पडतात. कवचाचे मोठे तुकडे आईबाप उचलून लांब टाकतात, पण कण राहतात. इथे एकही कण नव्हता. शिवाय कंठेरी चिखल्याला अंडी उबवायला साधारण २४-२५ दिवस लागतात आणि हा पट्टा उघडा पडूनच तीन आठवड्यांहून कमी काळ झाला होता. पिल्ले निघाली नाहीत, अंडी गेली.

कुणी नेली हे सांगता येत नाही. कावळा, मुंगूस, भटके कुत्रे, कुणीही असू शकते. जमिनीवरची बरीच घरटी माणूस न फिरकताही अशीच जातात. त्यामुळे सगळा दोष या फेरीच्या माथी मारणे बरोबर नाही. मात्र फेरीने तीन गोष्टी नक्की केल्या, आणि तिन्ही टाळता येण्याजोग्या होत्या.

पहिली, उष्णता. अंडे थंड पडणे भ्रूणाला बरेच सोसते, त्याची वाढ थांबते आणि ऊब मिळाली की पुढे सुरू होते. तापणे सोसत नाही. ४१-४२ अंशांच्या वर अंड्याचे तापमान काही काळ राहिले की भ्रूण मरतो, आणि उघडी वाळू भर उन्हात याहून कितीतरी जास्त तापते. म्हणून उन्हात आईबाप अंडी उबवत नाहीत, त्यांच्यावर सावली धरतात. टिटवी तर पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणून अंडी गार ठेवते. सकाळी सातला झालेला दहा मिनिटांचा व्यत्यय आणि नऊनंतरचा दहा मिनिटांचा व्यत्यय यांची बरोबरी होत नाही. फेरीत तलाव शेवटी ठेवल्यामुळे सर्वांत लांब थांबा सर्वांत वाईट वेळेला आला.

दुसरी, पावलांची वाट. ३२ माणसे एका ठिकाणी गेली, तिथे घुटमळली, वाकली. कावळे माणसांच्या अशा हालचाली टिपतात, आणि माणसांनी पाडलेल्या वाटेने कुत्री फिरतात.

तिसरी, फोटो. चार अंड्यांचे फोटो त्याच दुपारी क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होते, मागे बांधावरचा ओळखू येणारा खांब दिसत होता. कुणी त्या मागावर गेले का, हे कळायला मार्ग नाही. पण जायचे असते तर पत्ता हाताशी होता.

पक्षी सांगत होता ते कुणी ऐकले नाही

इथे थोडे थांबायला हवे, कारण अनुभवी माणसेही इथेच फसतात.

चिखल्या अंड्यांवरून उठतो तो माणूस अजून लांब असतानाच, आणि आवाज न करता. मान खाली घालून तो बरेच अंतर पळतो आणि मग दिसेल अशा जागी उभा राहतो. म्हणजे पक्षी पहिल्यांदा दिसतो तेव्हा घरट्यापासून तो केव्हाच दूर झालेला असतो. त्यानंतरचे ते अंग फुलवून बसणे म्हणजे खोटे उबवणे. रिकाम्या जागी बसून तो शत्रूला चुकीची जागा दाखवतो. माणूस त्या जागेकडे टक लावून उभा राहतो, आणि खरी अंडी त्याच्या पाठीशी किंवा पायाशी असतात. या फेरीत तसेच झाले.

पंख मोडल्याचे सोंग ही त्याची शेवटची युक्ती. ते बहुधा घरटे अगदी जवळ आले की, किंवा पिल्ले निघायच्या बेतात असली की दिसते. त्याच्या मागे जाणारा माणूस घरट्यापासून लांब जातो हे खरे. पण बाकीचे अठ्ठावीस जण जागीच असतील तर पक्ष्याचा उपयोग शून्य होतो. उलट तो त्या चौघांत अडकून पडतो आणि अंड्यांवर परतायला आणखी उशीर होतो.

याची खूण सोपी आहे. चिखल्या उडून न जाता तुमच्याभोवतीच धावत, थांबत, बसत राहिला, तर तुम्ही त्याच्या घरट्याच्या टापूत आहात. त्या क्षणी पायाखाली बघावे, सर्वांना आहे तिथे थांबवावे आणि आलेल्या पावलांवर पाऊल ठेवून, एकामागे एक, मागे फिरावे. अंडी कुठे आहेत ते शोधू नये. शोधताना ती तुडवली जाण्याची भीती सर्वांत जास्त. अंडी दिसलीच तर शेजारी दगड किंवा काठी रोवू नये, ती खूण माणसापेक्षा कावळ्याच्या कामी येते. लांबच्या दोन ठळक गोष्टी, उदाहरणार्थ एक झाड आणि बांधावरचा एक दगड, एका रेषेत धरून जागा लक्षात ठेवावी.

घरटे आहे का हे पाहायचेच असेल तर ते बांधावरून पाहता येते आणि त्यात जास्त आनंद आहे. ९०-१०० मीटरवर खाली बसावे, स्कोप लावावा, पंधरा मिनिटे हलू नये. पक्षी परत येतो तो थेट येत नाही. चार पावले धावतो, थांबतो, जमिनीवर टोचल्यासारखे करतो, वळतो, पुन्हा चार पावले. मग एका जागी येऊन छाती खाली टेकवतो आणि अंग डावीकडे-उजवीकडे हलवून अंडी पोटाखाली नीट बसवून घेतो. हे हलणे खोट्या उबवण्यात सहसा इतके सावकाश नसते. पाचएक मिनिटे तो तिथून उठला नाही, तर जागा पक्की.

उरलेल्या फेऱ्यांसाठी काय बदलले

रेकी आता फेरीच्या आधी दोन दिवसांच्या आत होते, आणि फेरी जिथे ज्या वेळी असेल तिथेच, त्याच वेळी. पाणी ओसरणाऱ्या तलावाचा काठ आठवड्यात बदलतो, जुनी रेकी तिथे कुचकामी. दोघे जण बांधावर बसून वीस मिनिटे पट्टा डावीकडून उजवीकडे स्कोपने चाळतात. एक पाहतो, दुसरा हाताने काढलेल्या नकाशावर बसलेले पक्षी मांडतो. दोन वेळा चाळल्यावर त्याच जागी बसलेला पक्षी दिसला तर तो टापू बंद.

पट्ट्यावर उतरणे पूर्ण थांबले. सगळे बांधावरून पाहायचे. यावर पहिली तक्रार आली ती दिसत नाही अशी, आणि ती रास्त होती. ८×४२, म्हणजे आठ पट मोठे दाखवणाऱ्या, दुर्बिणीत शंभर मीटरवरचा चिखल्या म्हणजे ठिपका. त्यावर उपाय म्हणजे आठ माणसांमागे एक स्कोप. क्लबकडे दोन होते, तिसरा एका सभासदाने दिला. तेवढ्यावर २४ माणसे नीट पाहू शकतात, म्हणून नोंदणी २४ वर बंद केली. वर्धन २५-३० पट ठेवायचे. ६० पटीच्या मोहाने पक्षी मोठा होत नाही. ऊन चढल्यावर उघड्या जमिनीवरची हवा थरथरते आणि ती थरथरच मोठी होते. मुलांसाठी एक तिपाई आधीपासून खाली करून ठेवावी. प्रत्येक मुलासाठी ती वरखाली करत बसले की निशाणा हलतो आणि रांग कंटाळते. स्कोपमध्ये पाहताना मुलांचा हात आपोआप नळीवर जातो, म्हणून हात पाठीशी बांधायला सांगावे.

क्रम बदलला. निघाल्यावर पहिली चाळीस मिनिटे झाडीत, गाण्यांसाठी. तिथून थेट बांध, सातच्या सुमारास, दहा-बारा मिनिटांचा थांबा. गवताळ उतार आणि उरलेली झाडी परतताना. यात झाडीतले थोडे गाणे हुकते. ते सोसायला हवे. सूर्य पाठीशी येईल असा बांधाचा भाग निवडला तर सकाळच्या तिरप्या उन्हात रंग अधिक चांगले दिसतात, हा वरचा फायदा.

गट दोन करून उलटसुलट दिशांनी सोडायची सूचना आली होती. ती नाकारली गेली, आणि योग्यच. त्यात गर्दी निम्मी होते, पण तलावावर व्यत्यय दोनदा होतो आणि दुसरा व्यत्यय उशिरा, उन्हात. एका जागी एकदाच, थोडा वेळ, हे बरे.

वाटाड्यांची संख्या दोनवरून तीन झाली. पुढचा वाट आणि पक्षी दाखवतो, शेवटचा माणूस कुणी मागे राहत नाही हे पाहतो. तिसऱ्याचे काम पक्षी ओळखणे नाही. तो फक्त पक्ष्यांचे वागणे पाहतो: कोण ओरडते आहे, कोण चोचीत चारा धरून तोंड न उघडता बसले आहे, कोण एकाच झुडपात पुन्हा पुन्हा जाते आहे. त्याने हात वर केला की वाटाड्या बोलणे तोडून गट हलवतो. चोचीत चारा धरून थांबलेला बुलबुल किंवा दयाळ तुमच्यामुळे घरट्यात जात नाही, आणि तुम्ही त्याचा फोटो काढत राहता तितका वेळ पिल्ले उपाशी असतात. झाडीत हीच चूक सर्वांत जास्त होते.

फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणे विणीच्या काळात पूर्ण बंद. नराला आपल्या हद्दीत दुसरा नर आल्यासारखे वाटते आणि तो गाणे, चारा सोडून त्याच्या शोधात फिरतो. आवाज ओळखणारी ॲप ऐकण्यासाठी चालतात. पण त्यांतले नमुन्याचे आवाज हेडफोनवरच ऐकायचे.

फोटोंचा नियम लिहून दिला: घरटे, अंडी, पिल्ले यांचा फोटो त्या मोसमात कुठेही टाकायचा नाही. दोन छायाचित्रकारांनी यानंतर फेरीला येणे सोडले. क्लबने त्यांना थांबवले नाही.

मुलांच्या कार्यक्रमाचे काय

ज्या मुलाने अंडी शोधली त्याला आपण काही वाईट केले असे वाटू न देणे महत्त्वाचे होते. त्याने केले ते उत्तम निरीक्षण होते. त्या नजरेला काम देण्यासाठी पुढच्या वेळी खेळ घेतला. शाडूच्या मातीची ३ सें.मी. लांबीची अंडी करून वाळवली, पातळ रंगाने ठिपके दिले. बैठकीच्या जागी दोरीने दोन मीटरचे रिंगण करून त्यात खडी पसरली आणि चार अंडी ठेवली. मुलांनी रिंगणाबाहेर उभे राहून शोधायचे, आत पाऊल नाही. बहुतेकांना दोन मिनिटे तरी लागली. मग एकाला डोळे बांधून रिंगणातून चालवले. चार पावलांत अंडे बुटाखाली आले. त्यानंतर बांधावरून न उतरण्याचे कारण एकालाही सांगावे लागले नाही.

ठिपके देताना एक काळजी घ्यावी: रंग फार गडद झाला की अंडी लगेच दिसतात आणि खेळाचा हेतूच फसतो. आधी त्याच खडीवर ठेवून पाहावे.

नोंदीबाबत

ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर वीण नोंदवण्यासाठी वेगळे संकेत आहेत: अंडी असलेले घरटे, लक्ष वळवण्याचे सोंग, चारा नेणे वगैरे. सोंग दिसले एवढे नोंदवणेही वीण सिद्ध करायला पुरते, त्यासाठी अंडी पाहावी लागत नाहीत. क्लबची यादी आता तलावाच्या सर्वसाधारण ठिकाणावर टाकली जाते. टिपणीत घरट्याची जागा, खांब, अंतर यांचा उल्लेख नसतो. घरट्याची नेमकी जागा एका वहीत लिहितात आणि ती वही एकाच सभासदाकडे राहते. मोसम संपल्यावर, पिल्ले उडती झाल्यावर, ती माहिती इतरांना उघड होते, कारण पुढच्या वर्षी पाणी ओसरेल तेव्हा रेकी कुठून सुरू करायची हे तिच्यावरूनच ठरते. जमीन त्या वेळी उघडी असेल तर हे पक्षी बहुधा त्याच टापूत परततात.

बदललेल्या पद्धतीची पुढची फेरी २२ जणांची झाली. बांधावर ११ मिनिटे. टिटव्या एकदा ओरडून खाली बसल्या. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला एक चिखल्या अंड्यांवर होता, तो उठला नाही. तीन स्कोपमधून सर्वांनी त्याला बसलेला पाहिला, डोळ्याभोवतीचे पिवळे कडेसुद्धा. ही त्याच जोडीची दुसरी वीण होती की वेगळी जोडी, हे पायात कडी नसल्याने ठरवता येत नाही. चिखल्यांची अंडी गेली तर ते पुन्हा घालतात, म्हणून पहिली शक्यता जास्त. तो टापू मोसम संपेपर्यंत बंदच ठेवला आहे.